दाबाच्या दोन रेषा

सरांनी फळ्यावर दोन्ही आलेख एकाच अक्षांवर काढले, खडू खाली ठेवला आणि हात झटकत आमच्याकडे वळले. वरची रेषा माझ्या मैत्रिणीची, खालची माझी. डावीकडे दोन्ही एकमेकींवर चपखल बसत होत्या. उजवीकडे, जिथे चकत्यांची दाटी वाढत जाते, तिथे त्या फुटल्या होत्या आणि पुन्हा जवळ यायला तयार नव्हत्या.

"प्रश्न एक आणि उत्तरं दोन," सर म्हणाले. "म्हणजे तुमच्यापैकी एक जण चुकतेय. समितीपुढे जायच्या आधी कोण ते मला कळायला हवं."

एप्रिल संपत आला होता. आम्ही दोघी जळगावात एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात पदार्थविज्ञानात पीएचडी करत होतो, एकाच सरांच्या हाताखाली. मी पारोळ्याची, ती धुळ्याची. केंद्रात आम्हाला मिळून एक खोली होती, पश्चिमेला तोंड असलेली. तिच्यात हा फळा, दोन कॉम्प्युटर, एक कूलर आणि एक खिडकी. खिडकीला आम्ही ओला टॉवेल बांधायचो, तो तासाभरात कडक व्हायचा.

काम सांगायला सोपं होतं. सपाट जागेवर नाण्यांसारख्या गोल, कठीण चकत्या आहेत. त्या एकमेकींना ओढत नाहीत की लांबून ढकलत नाहीत. नियम एकच, एक चकती दुसरीवर चढता कामा नये. विरळ असल्या की त्या द्रवासारख्या कुठेही भटकतात. दाटी वाढवत नेली की एका टप्प्यावर, कुणी काही न सांगता, त्या पोळ्यातल्या घरांसारख्या रांगा धरतात आणि गोठतात. हे सगळं कॉम्प्युटरच्या पोटात चालतं, त्याला आम्ही सिम्युलेशन म्हणतो. सगळ्या चकत्या सारख्या असल्या तर काय होतं हे जगाला ठाऊक आहे. सरांनी त्यात काही जरा लहान चकत्या मिसळायला सांगितल्या होत्या. त्या मिश्रणात गोठताना दाब किती असतो, हे आम्हाला काढायचं होतं. ते उत्तर आम्हाला कुठे छापलेलं सापडलं नव्हतं. ताडून बघायला पुस्तक नव्हतं, म्हणून सरांनी एकच प्रश्न दोघींना दोन वाटांनी सोडवायला दिला.

माझी वाट चिठ्ठ्या टाकण्यासारखी. एक चकती उचलायची, कोणती ते नशिबावर. ती किंचित सरकवायची. शेजारणीवर चढली तर होती तिथे परत ठेवायची, नाही तर नव्या जागी राहू द्यायची. असं न मोजता येण्याइतक्या वेळा. तिची वाट टकरींची. प्रत्येक चकतीला वेग द्यायचा, सरळ रेषेत सोडायचं, पुढची टक्कर कुठल्या दोघींची आणि कधी ते काढायचं आणि थेट त्या क्षणावर उडी मारायची. दोन्ही वाटा शेवटी एकाच गावी पोचायला हव्यात, असं शास्त्र सांगतं.

आमच्या पोचल्या नव्हत्या.

दोघींनी आपापला प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. लहान चकत्या काढून टाकून दोन्ही चालवले आणि विरळ मिश्रणाचे आकडे पुस्तकातल्या सूत्राशी ताडले. दोन्ही बरोबर. मग दोघींना वाटू लागलं की दोष समोरच्या कॉम्प्युटरवर आहे. एकदा चहा पिताना तिने विचारलं, "तुझ्या चकत्या कडेला एकमेकींवर चढत नाहीत ना? नीट बघितलंस?" मी म्हटलं, "तुझ्या टकरी मधेच सुटत नाहीत ना?" दोघीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी ती चहाला एकटीच खाली गेली.

तिचं गप्प होणं लगेच कळायचं, कारण एरवी ती फार मोठ्याने बोलायची. धुळ्यात तिच्या घराच्या चारी बाजूंना यंत्रमाग. लहानपणापासून त्यांच्या खडखडाटावर आवाज चढवायची सवय. केंद्रातला शिपाई तिला म्हणायचा, "ताई, मी बहिरा नाही." ती खोलीत असून नुसत्या कीबोर्डचा आवाज येतो, हे मला सहन होईना. तिच्या बाजूला बसून काम करताना मान अवघडायची.

मेच्या मध्यावर सरांनी दोघींना बोलावलं. समितीची बैठक महिनाअखेरीस होती. बाहेरगावचे दोन प्राध्यापक येऊन आमच्या कामाचा आढावा घेणार होते. सरांनी दोन्ही आलेखांचे कागद टेबलावर मांडले होते.

"मी ठरवलंय," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "तुझे आकडे घ्यायचे. तुझी रेषा गुळगुळीत आहे. हिची थरथरते." मग तिच्याकडे वळले. "तू प्रबंधातलं हे प्रकरण सोड. बाकीचं पुष्कळ आहे तुझ्याकडे."

"सर, थरथरणं म्हणजे चूक नाही," ती म्हणाली.

"मग काय आहे?"

ती आमच्या खोलीत गेली, आपला कॉम्प्युटर कुलूपबंद करून बॅग उचलली आणि दुपारच्या उन्हात बसस्टँडकडे चालू लागली. मी खिडकीतला टॉवेल बाजूला करून बघत होते. तिने डोक्यावरून ओढणी घेतली होती. मागे वळली नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. त्या प्रकरणावर माझा प्रबंध उभा होता. पण सरांनी दिलेलं कारण मला पटेना. गुळगुळीत रेषा खरी असते असं कुठे लिहिलंय? मी माझ्या चकत्यांचं चित्र पडद्यावर उघडलं. आजवर मी फक्त आकडे बघत आले होते, चित्र क्वचित. इतके दिवस सरकवून सरकवून चकत्या कुठल्या कुठे जायला हव्या होत्या. पण त्या मी सुरुवातीला मांडलेल्या रांगांमध्येच होत्या. जागच्या जागी थोड्या हलत होत्या, एवढंच. घाबरायला झालं. कूलर चालू असून पाठीवरून घाम ओघळला.

मी नेहमी शिस्तीत मांडलेल्या चकत्यांपासून सुरुवात करायचे, कारण ते सोपं. ती विस्कटलेल्या चकत्यांपासून करायची, कारण टकरींना ते सोयीचं. सुरुवात कुठूनही केली तरी शेवट तोच, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. आणि ते धरणंच चूक असेल तर?

तपासायची एक सरळ रीत होती. तिच्या चकत्यांची शेवटची मांडणी घ्यायची आणि तिथून माझा प्रोग्रॅम चालू करायचा. मी स्वतः विस्कटलेली मांडणी तयार करू शकले असते, पण ती एवढी दाट करायला बरेच दिवस गेले असते, आणि समिती तोंडावर होती. शिवाय त्यातून माझा दोष कळला असता, तिच्याबद्दल काहीच कळलं नसतं. तिच्या फायली तिच्या पासवर्डमागे होत्या. मी फोन करून तिची मांडणी मागितली.

"कशाला हवीय?" तिचा आवाज इतका हळू होता की मला आधी दुसरंच कुणी वाटलं.

"तुझ्या मांडणीपासून माझा प्रोग्रॅम चालवून बघते."

"माझ्या चुका शोधायला?"

"नाही गं. माझी शोधायला."

"सरांनी तुला खरं ठरवलंय ना? मग कशाला शोधतेस?" आणि फोन बंद झाला.

शनिवारी मी पारोळ्याला घरी गेले. आईने ताट वाढलं, शेवभाजी आणि भाकरी. मी घास मोडून नुसती बसले.

"काय व्हयनं? तोंड काबर उतरेल शे?" आईने माझ्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघत विचारलं.

मी सांगितलं. चकत्यांचं सोडून बाकीचं. सरांनी मला खरी ठरवलंय, तिला खोटी, आणि मला स्वतःची खात्री नाही.

"मंग तिन्हाकडे जाय," आई म्हणाली. "फोनवर बठ्ठं बोलता येत नै." आणि माझ्या ताटातली थंड भाकरी काढून तिने गरम टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुळ्याची बस धरली. माझी शेवटची मांडणी पेनड्राइव्हवर सोबत घेतली होती. ती का घेतली, तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. बसमध्ये मी मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही जमत नव्हतं.

गल्लीत शिरल्याबरोबर मागांचा आवाज अंगावर आला. दार तिच्या अम्मीने उघडलं. "अरे बेटी, इतनी धूप में! अंदर आ." त्यांनी मला आत घेतलं, सरबताचा ग्लास हातात दिला, आणि बोटाने आतल्या खोलीकडे दाखवलं. तिचे अब्बा रात्रपाळी करून आले होते, बाहेरच्या खोलीत झोपले होते. एवढ्या आवाजात त्यांना कशी झोप लागते हे मी आधी एकदा मैत्रिणीला विचारलं होतं. माग थांबले की जाग येते, असं ती म्हणाली होती.

ती लॅपटॉप मिटून पलंगावर बसली होती. मला बघून उठली नाही.

"सरांनी पाठवलं?"

"त्यांना माहीतही नाही."

मी तिला चित्राबद्दल सांगितलं. माझ्या रांगा मोडल्याच नाहीत, हे ऐकून तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"मला तुझी मांडणी दे," मी म्हटलं. "माझ्या प्रोग्रॅमने तुझाच आकडा दिला तर तुझा प्रोग्रॅम चुकलेला नाही."

"तुझं प्रकरण पण जाईल मग."

"जाईल."

"आणि तुझाच आकडा आला तर?"

तेवढ्यात वीज गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. बाहेरच्या खोलीत तिचे अब्बा कुशीवर वळून उठून बसल्याचा आवाज आला.

"तर मी चुकले," ती म्हणाली. त्या शांततेत तिचा नेहमीचा चढा आवाज भिंतीवर आदळला. "मग मी परत येणार नाही. सांगून ठेवते."

अब्बा दारात येऊन उभे राहिले. "काय झालं? भांडता का?"

"नाही चाचा," मी म्हटलं.

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ती दोन दिवस जेवली नाही," एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

तिने लॅपटॉप उघडला. मग थांबली. "एकतर्फी नको. माझी मांडणी तुझ्या प्रोग्रॅमला, तुझी माझ्या प्रोग्रॅमला. दोन्ही एकाच दिवशी, एकाच खोलीत. दोघी समोर."

मी पिशवीतून पेनड्राइव्ह काढून तिच्यापुढे ठेवला.

सोमवारी ती पहिल्या बसने जळगावला आली. आम्ही फायलींची अदलाबदल केली आणि दोन्ही प्रोग्रॅम सुरू केले. त्या दिवशी जळगाव भट्टीसारखं तापलं होतं. कॉम्प्युटरांची झाकणं काढून कूलरचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं, आम्हाला वारा नाही. दुपारी वीज दोनदा गेली. बॅटरी थोडाच वेळ टिकायची. पहिल्यांदा वीज वेळेत आली. दुसऱ्यांदा बॅटरीची पिपाणी वाजायला लागली आणि ती "सेव्ह कर, सेव्ह कर" ओरडली. मी तिच्याही कॉम्प्युटरवर हात टाकला, तिने माझ्या. दोन्ही मांडण्या वाचल्या. वीज आल्यावर तिथून पुढे चालू केलं. मधल्या वेळात तिने डबा उघडला, अर्धा माझ्याकडे सरकवला.

संध्याकाळच्या सुमाराला दाबाचे आकडे स्थिर दिसू लागले. आधी माझ्या पडद्यावर. माझा प्रोग्रॅम, तिची मांडणी. मी आकडा वाचला आणि फळ्यावरच्या रेषांकडे बघितलं. वरची रेषा. तिची.

तिने माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. तिचा श्वास मला कानाजवळ ऐकू येत होता. तिला हसता आलं असतं. हसली नाही. आपल्या खुर्चीवर गेली आणि स्वतःच्या पडद्याकडे बघत बसली. थोड्या वेळाने तिचाही आकडा आला. तिचा प्रोग्रॅम, माझी मांडणी. खालची रेषा.

"प्रोग्रॅम दोन्ही बरोबर आहेत," मी म्हटलं.

"आणि उत्तरं दोन्ही चूक," ती म्हणाली.

आता सगळं दिसत होतं. एवढ्या दाटीत चकत्यांना हलायला जागाच उरत नाही. रांगेत सुरू झालेल्या रांगेतच अडकून राहतात, आणि शिस्तीत धक्के कमी बसतात, म्हणून माझा दाब कमी. विस्कटून सुरू झालेल्यांना रांगा धरायला वाव मिळत नाही, म्हणून तिचा दाब जास्त. दोघींच्या चकत्या आपली सुरुवात विसरल्याच नव्हत्या. तिची रेषा थरथरत होती, कारण तिच्या चकत्या गोठायची धडपड करत होत्या. खरा दाब मधे कुठेतरी होता आणि तिथवर दोघींपैकी कुणीच पोचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा लाल होत गेला.

"बैठक आठवड्यावर आली आणि तुम्ही मला सांगता की उत्तरच नाही? हे आधी का नाही बघितलं?"

"सर," ती म्हणाली, "तुम्ही पण नाही बघितलं."

सर खुर्चीतून अर्धवट उठले, परत बसले. "बाहेर थांबा," म्हणाले.

आम्ही व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या राहिलो. भिंत तापलेली होती. ती ओठ चावत होती. "उगाच बोलले," ती पुटपुटली. मी तिचा हात धरला. आत सर येरझाऱ्या घालत होते, चपलांचा आवाज येत होता. मग त्यांनी हाक मारली.

ते आमच्याकडे न बघता बोलले. "बरोबर आहे. मीही नाही बघितलं. समितीपुढे दोघींनी उभं राहायचं. जे आहे ते सांगायचं. मी मधे बोलणार नाही."

बैठकीत मी पहिला भाग सांगितला, अदलाबदलीचा भाग तिने. बाहेरून आलेले एक प्राध्यापक डोळे बारीक करून ऐकत होते. तिचं संपल्यावर त्यांनी पेन टेबलावर आपटलं.

"म्हणजे तुमच्याकडे निष्कर्ष नाही."

"दाट भागाचा नाही, सर."

"किती दिवसांत येईल?"

"सांगता येत नाही."

"मग इतके दिवस काय केलंत?"

मला वाटलं ती आता चिडेल किंवा रडेल. ती फळ्याकडे गेली, मी काढलेल्या दोन रेषांमधली मोकळी जागा खडूने भरली, आणि त्या सबंध खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उत्तर या पट्ट्यात आहे सर. याच्या बाहेर नाही. हे आज सकाळपर्यंत तरी कुणी आमच्यासमोर खोटं ठरवलेलं नाही."

सर खिडकीबाहेर बघत होते. शेवटी समितीने प्रकरण ठेवलं, पण अटीवर. पुढच्या आढाव्यापर्यंत रेषा जवळ आल्या नाहीत तर ते दोघींच्याही प्रबंधातून काढायचं.

मग वाट बघणं सुरू झालं, आणि ते अदलाबदलीच्या त्या दुपारपेक्षाही वाईट होतं. रोज सकाळी खोली उघडून आधी आकडे बघायचे. कधी रेषा केसभर सरकलेल्या दिसायच्या, कधी उलट्या फाकलेल्या. जुलैत सरांनीच एक पद्धत वाचून आणली. एक चकती एका दिशेने ढकलायची, ती जिला लागेल तिने पुढे निघायचं, तिने तिसरीला पुढे पाठवायचं, अशी साखळी. पद्धत नवी नव्हती, आम्हीच कधी वापरली नव्हती. सर स्वतः आमच्या खोलीत स्टूल टाकून बसले. विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारायचे, आमच्या दोघींच्या मधे बसून प्रोग्रॅमच्या ओळी वाचायचे. लहान चकत्यांसाठी साखळी कशी बदलायची यावर त्यांचा आणि तिचा चांगलाच वाद झाला. तिचं म्हणणं बरोबर निघालं, ते त्यांनी लगेच मानलं.

साखळीने चकत्या मोकळ्या झाल्या. माझ्या रांगा जागोजागी वितळू लागल्या, तिच्या गर्दीत रांगांची बेटं दिसू लागली. ज्या सकाळी पहिल्यांदा एका घनतेला, म्हणजे दाटीच्या एका टप्प्याला, वरचा आणि खालचा आकडा त्रुटीच्या मर्यादेत एकमेकांवर आला, तेव्हा आम्ही कुणी ओरडलो नाही. भीतीच वाटली. सरांनी तिला माझी मांडणी, मला तिची, असं पुन्हा उलटसुलट करून चालवायला लावलं. पुन्हा तेच आलं. तेव्हा ते स्टुलावरून उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चला, जेवून घ्या आता."

दिवाळीनंतरच्या आढाव्यात एक सोडून बाकी सगळ्या घनतांना आमची एकच रेषा होती. ते बाहेरचे प्राध्यापक यावेळी बराच वेळ आलेखाकडे बघत राहिले आणि त्यांनी फक्त त्या एका घनतेबद्दल विचारलं. सर्वांत दाट बिंदू. तिथे आकडे जवळ आले होते, पण मिळाले नव्हते. तिने सांगितलं, तिथे अजून माहीत नाही. त्यांनी मान हलवली.

दोघींना पदवी मिळाली. तो बिंदू आम्ही दोन्ही प्रबंधांत दोन टोकांसकट तसाच ठेवला, मधे काही भरलं नाही. ती आता धुळ्यात एका कॉलेजात शिकवते, मी जळगावात. त्या बिंदूवर आमचं काम अजून चालू आहे. परवाच तिने नवे आकडे पाठवले. तिचा आकडा किंचित खाली आलाय. माझा मात्र तिथेच आहे.